पाढा म्हणता येतो. पण पाढा येतो का?

शेतकरी बंधू-भगिनींनो, या पानावर एरवी बियाणे, खते, कीड-रोग आणि बाजारभाव यांची चर्चा असते. आज विषय आहे पाढ्यांचा. कृषी खात्याच्या माणसाने पाढ्यांवर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. पण शिवारात फिरताना रोज दिसते ते असे, की आमची शिफारस बांधापर्यंत नीट पोचते आणि तिथे हिशोबापाशी अडते. औषधाचे नाव लक्षात राहते, मात्रा चुकते. हेक्टरी किती खत ते कळते, आपल्या सव्वा एकराला किती ते कळत नाही. या अडचणीचे मूळ शेतात नाही. ते तिसरी-चौथीच्या वर्गात आहे.

गावातल्या पाचवीच्या एखाद्या मुलाला "सातचा पाढा म्हण" असे सांगून बघा. बहुतेक मुले डोळे मिटून, चालीवर, एका दमात पाढा म्हणून टाकतात. घरची मंडळी खूश होतात. आता त्याच मुलाला मधूनच विचारा, "सात आठी किती?" पोरगं गप्प होतं. ओठ हलू लागतात. सात एके सात पासून सुरुवात करून ते मनातल्या मनात आठव्या पायरीपर्यंत चढतं आणि मग म्हणतं, "छप्पन्न." उत्तर बरोबर आहे, पण त्यासाठी अख्खा जिना चढावा लागला. आणि "छप्पन्न कुणाकुणाच्या पाढ्यात येतात?" असा उलटा प्रश्न केला, तर तो जिनाही सापडत नाही.

पाढा म्हणता येणे आणि पाढा येणे यांत एवढा फरक आहे. विहिरीला पाणी आहे पण शेवटच्या सरीपर्यंत पोचत नाही, अशातला हा प्रकार. पाणी आहे म्हणून आपण निर्धास्त राहतो आणि पीक मात्र वाळते.

पंपापाशी दिडकी, सातबाऱ्यापाशी अडीचकी

आपल्या रोजच्या कामातली काही उदाहरणे घेऊ. समजा, एखाद्या औषधाची मात्रा १० लिटर पाण्याला ४ मिली अशी सांगितली. आपला पाठीवरचा पंप १५ लिटरचा आहे. मग किती घ्यायचे? चाराची दीडपट, म्हणजे ६ मिली. दहाच्या हिशोबावरून पंधराच्या पंपाचा हिशोब काढायचा म्हणजे दर वेळी दीडपट करायची. जुन्या शाळेत यालाच दिडकी म्हणत. ज्याला ती येते तो बाटलीचे झाकण उघडण्याआधी हिशोब करून मोकळा होतो. ज्याला येत नाही तो म्हणतो, "घाला एक झाकण जास्तीचं, कीड तरी मरेल." जास्त झाले तर पिकाला झळ बसते, फवारणाऱ्याच्या अंगावर येते आणि पैसाही जातो. कमी झाले तर कीड मरत नाही आणि फवारणी पुन्हा करावी लागते.

दुसरे उदाहरण जमिनीचे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि आपण बोलतो एकर-गुंठ्यांत. एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. उताऱ्यावर १ हेक्टर ४० आर लिहिले असेल तर ते साडेतीन एकराच्या आसपास झाले. ही अडीचकी. खताच्या हेक्टरी शिफारशी एकरावर आणायच्या तर तीच उलटी वापरायची. हेक्टरी १०० किलो नत्र म्हणजे एकरी ४० किलो.

आता हे ४० किलो नत्र युरियातून द्यायचे झाले तर गोण्या किती? २०१८ सालापासून युरियाची गोणी ५० ऐवजी ४५ किलोची झाली. युरियात नत्र शेकडा ४६. म्हणजे एका गोणीत २० किलो ७०० ग्रॅम नत्र. दोन गोण्या टाकल्या की काम झाले. ज्यांच्या डोक्यात अजून "दोन गोण्या म्हणजे क्विंटल" हेच बसले आहे त्यांनी ध्यानात घ्यावे, की दोन गोण्या म्हणजे आता ९० किलो आणि पाच गोण्या म्हणजे २२५ किलो. गोणी बदलली की पाठ केलेले उत्तर निकामी होते. आकडेमोड येत असेल तर नवे उत्तर काढता येते.

बाजारात तर हिशोबाला क्षणाचीही सवड मिळत नाही. समजा, कांद्याला क्विंटलला १,८०० रुपये भाव निघाला आणि माल भरला ७ क्विंटल. अठरा साती एकशे सव्वीस, म्हणजे १२,६०० रुपये. त्यातून हमाली, तोलाई वजा होऊन पट्टी हातात येते. हा आकडा ज्याच्या मनात आधीच तयार आहे तो पट्टी वाचतो. ज्याच्या मनात नाही तो पट्टी घडी घालून खिशात ठेवतो. आणि उसनवारीचे पाहा. "महिन्याला शेकडा दोन" हे ऐकायला किती हलके वाटते! बारा दुणे चोवीस, म्हणजे वर्षाला शेकडा २४. चाळीस हजारांवर वर्षाचे ९,६०० रुपये नुसते व्याज. एवढे एक वाक्य घरातल्या सातवीतल्या मुलीला त्या क्षणी सुचले, तर अंगठा उठवण्याआधी बाप दोनदा विचार करील.

आजोबांची उजळणी

मागच्या पिढीतली मंडळी लगेच म्हणतील, "आमच्या वेळी असं नव्हतं." त्यात तथ्य आहे. दिवेलागणीला शुभंकरोती झाली की परवचा होत असे. नुसते बे ते तीसचे पाढे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीही. औट म्हणजे साडेतीन. पाव ते साडेतीन पटीपर्यंतचे हे अपूर्णांकांचे पाढे पोरांच्या तोंडी असत, कारण त्या काळचा व्यवहारच तसा होता. रुपयाचे सोळा आणे, शेराचे सोळा छटाक, मणाचे चाळीस शेर. पावकी-निमकी आल्याशिवाय दुकानात उभे राहण्याची सोय नव्हती.

१ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पुढच्या काही वर्षांत किलो, लिटर, मीटरही आले. हिशोब सोपा झाला, तशी अपूर्णांकांच्या पाढ्यांची गरज कमी झाली आणि ते शाळेतून हळूहळू मागे पडले. यात गैर काही नाही. औटकी पुन्हा पाठ करा, असे कोणी म्हणू नये. मात्र पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड आणि अडीच हे शब्द शेतातून गेलेले नाहीत. म्हणून दिडकी आणि अडीचकी एवढ्या दोन तरी पाचवी-सहावीच्या मुलांना जरूर द्याव्यात. त्यांचा उपयोग वर सांगितलाच आहे.

जुन्या पद्धतीतले चांगले कोणते? तर रोज, ठरल्या वेळी, थोडे थोडे म्हणणे. न घेण्यासारखे कोणते? तर छडी आणि नुसती चाल. छडीच्या धाकाने कित्येकांची गणिताची भीती जन्मभर गेली नाही. आणि नुसत्या चालीवर पाठ केलेला पाढा चाल तुटली की तुटतो. भजनातली मधली ओळ एकदम म्हणायला सांगितली तर आपणही पहिल्या ओळीपासून सुरू करतोच की!

घोकायचे की समजून घ्यायचे?

अलीकडे पालकांत दोन तट पडलेले दिसतात. एक म्हणतो, घोकंपट्टी वाईट, मुलांना समजले म्हणजे झाले. दुसरा म्हणतो, समजबिमज राहू द्या, आधी पाठ करा. दोघांचेही अर्धे बरोबर आहे.

आधी समज हवी, हे खरे. सात चोक अठ्ठावीस म्हणजे काय, हे मुलाला डोळ्यांनी दिसले पाहिजे. वाफ्यात सात ओळी, प्रत्येक ओळीत चार रोपे. मोजली की अठ्ठावीस. आता वाफ्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहा. त्याच रोपांच्या आता चार ओळी दिसतात आणि प्रत्येक ओळीत सात रोपे. अठ्ठावीसच. सात चोक आणि चार साती एकच, हे सांगायला फळा-खडूची गरज पडत नाही. चिंचोके, खडे, कडधान्याचे दाणे, काहीही चालते.

पण समजले म्हणून तिथेच थांबले तर पुढे काम अडते. ५९२ ला ८ ने भागायचे आहे असे धरा. आठ साती छप्पन्न, उरले तीन. दोन खाली घेतले, झाले बत्तीस. आठ चोक बत्तीस. उत्तर चौऱ्याहत्तर. पाढे तयार असलेल्या मुलाला याला अर्धा मिनिट लागतो. ज्याला प्रत्येक पायरीवर बोटे मोजावी लागतात, ते बोटांच्या नादात आपण कोणत्या पायरीवर होतो तेच विसरते. गणित त्याला समजत नाही असे नसते, त्याच्या डोक्यातली जागा बोटे मोजण्यातच संपते. पुढे अपूर्णांक, शेकडेवारी, व्याज आले की हेच मूल म्हणते, "गणित मला जमत नाही." तिथून शाळेवरचे मन उडायला वेळ लागत नाही.

'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या 'असर' पाहणीत खेड्यापाड्यांतल्या मुलांना घरी जाऊन असाच भागाकार विचारतात, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने. २०२२ आणि २०२४ या दोन्ही वर्षी देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना तो जमला नाही. भागाकार न येण्यामागे कारणे अनेक असतील; पण पाढे कच्चे असले की भागाकार पक्का होत नाही, हे सांगायला पाहणी लागत नाही. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि पायाभूत गणित यावे यासाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू केले आणि त्यासाठी २०२६-२७ ची मुदत ठरवली. मुदत कागदावर सरकारची असली तरी मूल आपले आहे.

डोंगर दिसतो तेवढा मोठा नाही

बे ते दहाचे पाढे म्हटले की मुलाला वाटते, केवढे हे ओझे! एक ते दहाचा तक्ता मांडला तर शंभर घरे भरतात. पण नीट मोजून पाहू.

सात चोक आणि चार साती एकच, हे कळले की शंभराची पंचावन्न घरे उरतात. त्यातला एकचा पाढा पाठ करायचा नसतोच, आणि दहाचा म्हणजे पुढे शून्य ठेवायचे. उरली छत्तीस. बेचा पाढा म्हणजे दुप्पट, तो बहुतेक मुलांना येतो. उरली अठ्ठावीस. पाचचा पाढा पाच रुपयांच्या नाण्यांनी आणि घड्याळाच्या काट्याने शिकवता येतो. उरली एकवीस. शंभर घरांचा डोंगर एकवीस घरांवर आला.

नऊचा पाढा दहाच्या आधाराने काढता येतो. नऊ साती काढायचे तर सात दाहे सत्तर, त्यातून सात गेले, त्रेसष्ट. उरली पंधरा. चारचा पाढा म्हणजे दुपटीची दुप्पट. सात दुणे चौदा, चौदा दुणे अठ्ठावीस, झाले सात चोक. तीनचा पाढा म्हणजे दुप्पट आणि आणखी एकदा ती संख्या. हे दोन्ही हाताशी आले की शेवटी उरतात फक्त सहा घरे: सहा सक छत्तीस, सहा साती बेचाळीस, सहा आठी अठ्ठेचाळीस, सात साती एकोणपन्नास, सात आठी छप्पन्न आणि आठ आठी चौसष्ट. ही सहा मात्र आडवळणाची आहेत, ती घोकूनच पक्की करावी लागतात.

म्हणून शिकवताना बे, तीन, चार, पाच असे ओळीनेच जायला हवे असे नाही. आधी बे, दहा आणि पाच. मग चार. मग तीन आणि नऊ. सहा, सात, आठ शेवटी. पेरणीलाही आपण आधी तयार वावर घेतो, कठीण तुकडा मागून घेतो.

पाढ्यांच्याही आधी पहिली-दुसरीत बेरजेच्या जोड्या तोंडी यायला हव्यात. दहाच्या जोड्या पाचच आहेत: एक-नऊ, दोन-आठ, तीन-सात, चार-सहा, पाच-पाच. आठ आणि पाच किती? आठाला दहा व्हायला दोन हवेत, पाचातले दोन दिले, उरले तीन, झाले तेरा. ज्याला ही जोडी दिसते त्याचा बोटांवरचा हात आपोआप सुटतो.

आणखी एक गोष्ट आपल्या भाषेची. पस्तीस म्हणताना आपण आधी पाच उच्चारतो आणि मग तीस. लिहिताना आधी तीन आणि मग पाच. त्यामुळे लहान मुले पस्तीस ऐकून ५३ लिहितात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस, बावीस' यांच्या जोडीला 'वीस एक, वीस दोन' असे वाचन दिले, तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला. वाद बाजूला ठेवू. मुद्दा असा, की पाढा तोंडपाठ असलेले मूलही पाटीवर आकडा उलटा लिहू शकते. म्हणून पाढा म्हणवून घ्यावा तसा तो लिहूनही घ्यावा.

पाटाने नको, ठिबकने

आता पाठ करण्याच्या रीतीबद्दल. रविवारी मुलाला दोन तास दामटून बसवायचे आणि पुढे आठवडाभर विचारायचे नाही, हे पाटाने पाणी सोडल्यासारखे आहे. वरवर रान भिजलेले दिसते, पण पाणी वाहून जाते. रोज दहा मिनिटे, थोडे थोडे, मुळाशी, हे ठिबक. पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरते, हे जर्मनीतल्या हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवले. विसरण्याच्या सुमारास पुन्हा आठवून पाहिले की ते अधिक टिकते. म्हणून आज शिकलेले उद्या विचारावे, मग चार दिवसांनी, मग आठ दिवसांनी.

त्यासाठी एक बिनखर्ची साधन सांगतो. लग्नसराई संपली की प्रत्येक घरात पत्रिकांचा ढीग असतो. त्यांच्या कोऱ्या बाजूचे पत्त्यांएवढे तुकडे कापावेत. एका बाजूला ७ × ८, मागे ५६. ज्या एकवीस घरांची गोष्ट वर केली त्यांची एकवीस पाने पुरेत. पाने पिसून एकेक दाखवावे. उत्तर चटकन आले ते पान एका गठ्ठ्यात, अडखळत आले ते दुसऱ्यात, आले नाही ते तिसऱ्यात. तिसरा गठ्ठा रोज, दुसरा एक दिवसाआड, पहिला आठवड्यातून एकदा. जसजसे येऊ लागेल तसतशी पाने पुढच्या गठ्ठ्यात सरकवावीत. गठ्ठा कमी होताना मुलाला स्वतःला दिसतो, मग त्याला कोणी रागवावे लागत नाही.

विचारताना काही पथ्ये पाळावीत. पाढे नेहमी उलटसुलट विचारावेत, ओळीने नाही. कधी "सात आठी किती?", कधी "छप्पन्नाला आठाने भागलं तर किती?" मूल अडले तर दोन-तीन क्षण थांबावे, लगेच उत्तर सांगू नये. तरी आले नाही तर उत्तर सांगून पुढे जावे आणि पाच मिनिटांनी तेच पुन्हा विचारावे. चुकीचे उत्तर तसेच सोडून देऊ नये, नाहीतर तेच पक्के होते. घड्याळ लावायचे तर मुलाची बरोबरी त्याच्या कालच्या वेळेशी करावी, शेजारच्या मुलाशी नको. चार लोकांत उभे करून हसू करणे तर अजिबात नको. घाबरलेल्या मुलाला येणारेही आठवत नाही.

शाळेला शेत जोडायचे असेल तर आमच्याकडची एक चाचणी वर्गाला फार उपयोगी आहे. खरिपाच्या आधी सोयाबीनची उगवणशक्ती पाहतो ती. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मुलांकडून मांडून घ्याव्यात. दहा दाहे शंभर. गोणपाट गुंडाळून पाच-सहा दिवस ओलसर ठेवावे आणि मग प्रत्येक ओळीत किती उगवले ते मोजावे. शंभरातले सत्तर उगवले तर शेकडा सत्तर. शेकडेवारी म्हणजे काय, हे मुले पुन्हा विसरणार नाहीत. आता बियाणे किती लागेल ते काढावे. सत्तर टक्के उगवणीला एकरी ३० किलो ही शिफारस आहे. साठच टक्के उगवले तर? सत्तराला तिसाने गुणायचे आणि साठाने भागायचे. सात त्रिक एकवीस, एकविसात सहा साडेतीन वेळा, म्हणजे ३५ किलो. मुलांचे गणित होते आणि बापाचे बियाणेही तपासून होते.

मोबाइल आहे ना!

एक प्रश्न हमखास येतो. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, त्यात हिशोबाचे यंत्र आहे, मग पाढे कशाला? यंत्र बरोबर आहे, चुकते ते बोट. एक शून्य जास्त पडले तर यंत्र बिनतक्रार चुकीचे उत्तर देते. १२,६०० च्या जागी १,२६० आले तर "हे एवढं कमी कसं?" असे वाटायला मनात आधी अंदाज असावा लागतो, आणि तो पाढ्यांतून येतो. शिवाय हातात औषधाची बाटली असताना, काट्यापाशी गर्दी असताना, कर्जाच्या कागदावर सही मागत असताना खिशातून मोबाइल काढून हिशोब करायला समोरचा सवड देतोच असे नाही. यंत्र जरूर वापरावे, पण ते बरोबर आहे की नाही ते सांगणारा डोक्यात बसलेला हवा.

गावाने काय करावे?

गुरुजी आणि बाई त्यांच्या परीने शिकवतातच. पण दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळायचे आणि वर इतर कामेही करायची, तेव्हा प्रत्येक मुलाला रोज स्वतंत्र विचारणे त्यांना जमत नाही. ही कसर गावाने भरून काढावी.

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. समितीच्या बैठकीत खोल्यांची रंगरंगोटी आणि पोषण आहार यांवर बोलणे होते, होऊ द्या. पण महिन्यातून एकदा एवढे विचारावे: तिसरी ते पाचवीतल्या किती मुलांना पाढे उलटसुलट विचारले तरी येतात? गेल्या महिन्यात किती होती? आकडा वाढला की नाही ते गावाला कळेल. कोणाचे नाव वाचून दाखवायची गरज नाही.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनी भिंतीवर पाढे रंगवून घेतले तर चांगलेच. पण रोज नजरेसमोर असलेली भिंत काही दिवसांनी दिसेनाशी होते. रंगाच्या खर्चाबरोबर संध्याकाळची दहा मिनिटे द्यायला दोन माणसे शोधावीत. गावात निवृत्त शिक्षक असतात, शिकलेल्या सुना असतात, महाविद्यालयात जाणारी मुले असतात. पारावर, मंदिराच्या ओट्यावर, समाजमंदिरात, कुठेही चालेल. अक्षरओळख नसलेल्या आई-आजीलाही यात काम आहे. पानाचा पुढचा भाग मूल वाचील, उत्तर सांगील आणि उलटून स्वतःच ताडून बघील. समोर बसून ऐकणारे कोणीतरी आहे, एवढेच मुलाला पुरते.

ज्या गावांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबे जातात, तिथे आणखी एक काम करावे. जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पिशवीत ही एकवीस पाने बांधून द्यावीत. कोपीवर वीज असो नसो, शाळा जवळ असो नसो, पानांना काही लागत नाही. परतल्यावर मूल जिथे होते तिथून मागे गेलेले नसेल, तरी मोठे काम झाले.

पाढे स्पर्धा घ्यायच्या तर जरूर घ्या. पण पहिला नंबर नेहमीच्या चार मुलांतच फिरत राहतो आणि बाकीची टाळ्या वाजवायला बसतात. त्यापेक्षा ज्या मुलाची पाने दोन महिन्यांत तिसऱ्या गठ्ठ्यातून पहिल्या गठ्ठ्यात आली, त्याचे कौतुक करावे. स्पर्धेचा फायदा मागे राहिलेल्यांनाही व्हायला हवा.

बंधू-भगिनींनो, आपण पीक उगवले का ते पाहायला सकाळी उठून शेतात जातो. ओळीत तुटाळ पडली असेल तर लगेच नांगे भरतो, कारण चार दिवस गेले की ती जागा रिकामीच राहते. मुलांच्या पाढ्यांतही अशी तुटाळ असते, फक्त ती पाढा सरळ म्हणवून घेतला तर दिसत नाही. म्हणून आज संध्याकाळी घरातल्या मुलाला "पाढा म्हण" असे सांगू नका. जवळ बसवा आणि सहज विचारा, "सात आठी किती?" उत्तर लगेच आले तर "सहा साती?" विचारा. जिथे थांबेल तिथून उद्याची दहा मिनिटे सुरू करा.